पुस्तक जरा खाली धर

लिंबायतमधल्या ज्या गल्लीत चिंधाभाऊ राहतो, त्या गल्लीत त्याचं एकही गुपित शिल्लक नाही. सुनेला दूध बघायला सांगितलं की समोरच्या घरातली बाई आपल्या गॅसकडे धावते. पोट बिघडलं की चौथ्या घरातून ओव्याची पुडी येते. त्याला बिचाऱ्याला वाटतं, आपण हळूच बोललो. लोक हसतात. हसोत बापडे. त्यांच्याही घरोघरी असा कान गेलेला एकेक माणूस कोपऱ्यात बसलेला आहेच, फरक एवढाच की तो बोलणं सोडून गप्प बसला आहे.

कान गेले ते खात्यात. सुरतेत मागांच्या कारखान्याला खातं म्हणतात. शिरपूरकडच्या एका खेड्यातून मिसरूड फुटायच्या वयात चिंधा सुरतेला आला आणि कतारगामच्या एका खात्यात मागावर उभा राहिला. तिथला खडखडाट असा की शेजारच्याने कानाशी तोंड लावून बोंब मारली तरी कळू नये. मग कारागीर बोलणार कसे? ते आवाज न करताच बोलत. ओठ मोठे उघडायचे, शब्द नीट घडवायचा, समोरच्याने तो डोळ्यांनी उचलायचा. खात्याच्या त्या टोकाला उभ्या असलेल्या वाल्मिकच्या घरी मुलगा झाला, हे चिंधाला या टोकाला आधी कळलं आणि मधल्या लोकांना मागून. टिंगल, भांडण, गावाकडची खबर, सगळं याच बोलीत चाले. चिंधाची बायको रुक्मिणी म्हणायची, हा माणूस घरी मुका आणि खात्यात बडबड्या आहे.

या बोलीचा एकच कायदा होता. बोलताना तोंडावर हात न्यायचा नाही. जो तोंड झाकून बोलतो त्याच्या मनात काळंबेरं आहे, असं सगळे धरून चालत. चिंधाला हे पुरतं कळलं ते शेवटी शेवटी. एका दुपारी मालक आणि त्याचा मुलगा दारात उभे राहिले, दोघांनी तोंडावर रुमाल धरले आणि याच्याकडे बघत काहीतरी बोलले. धुरळ्यामुळे रुमाल धरला असेल, असं चिंधाने स्वतःला समजावलं. पुढच्या आठवड्यात जुने माग भंगारात गेले, नवी मशिनं आली आणि त्या मशिनांना चिंधाची गरज नव्हती.

रुक्मिणी त्याआधीच गेली होती. घरात राहिले मुलगा भूपेंद्र, सून वर्षा आणि नात धनश्री. भूपेंद्र पर्वत पाटियाजवळच्या मार्केटात साड्यांच्या दुकानात विकायला बसतो. दिवसभर गिऱ्हाइकांपुढे जिभेचा पट्टा चालवून घरी आला की त्याच्यात बापाशी ओरडून बोलायचं त्राण नसतं. तो हातानेच सांगतो. जेवा. झोपा. गोळी घेतली का. वर्षा तर आणखी लांब. ती धुळ्याकडच्या जुन्या वळणाच्या घरातली. सासऱ्यासमोर पदर ओढायचा आणि बोलायचं झालं तर तोंड फिरवून बोलायचं, ही तिची रीत. वाईट नाही पोरगी, भाकरी गरम वाढते. पण ज्याला तोंड पाहूनच ऐकू येतं, त्याच्याशी तोंड फिरवून बोललं तर त्याला काय कळणार? लग्न होऊन इतकी वर्षं झाली, सुनेचा आवाज तर सोडाच, तिचे ओठसुद्धा चिंधाभाऊने धड पाहिले नाहीत.

म्हणजे उरली धनश्री. ती महानगरपालिकेच्या मराठी शाळेत बालवाडीला जाऊ लागली, तेव्हा शाळेने पालकांना बोलावलं. भूपेंद्रला सुट्टी नव्हती, वर्षाला लेस लावायचं काम होतं. गेला चिंधाभाऊ. खोलीभर बाया आणि हा एकटा म्हातारा पुढच्या बाकावर, वर्गाच्या बाईंच्या तोंडाकडे टक लावून. दुसरी कोणी असती तर बावरली असती. प्रमिलाबाई जुन्या शिक्षिका होत्या, त्यांचे शब्द स्वच्छ होते, चिंधाभाऊने एकूण एक उचलले.

"रोज संध्याकाळी थोडा वेळ पोराला घेऊन बसा," त्या म्हणाल्या. "टीव्ही बंद, मोबाइल लांब. ज्याला वाचता येतं त्याने वाचून दाखवा. ज्याला येत नाही त्याने ऐका. पोराला एवढं कळलं पाहिजे, की माझं वाचणं ऐकायला घरात कोणीतरी बसलेलं आहे."

ऐकायला बसलेलं! चिंधाभाऊला हसू आलं. पण शाळेच्या कपाटातून त्याने एक पुस्तक मागून घेतलं. चित्रांचं होतं. एका शेळीला आपल्या दाढीची लाज वाटते आणि ती न्हाव्याकडे जाते, अशी गोष्ट.

चिंधाभाऊ गावात चौथी शिकलेला. त्यानंतर त्याने वाचलं ते बसच्या पाट्या आणि मिठाच्या पिशव्या. त्या संध्याकाळी ओट्यावर धनश्रीला मांडीशी घेऊन त्याने शेळीची गोष्ट अक्षर अक्षर जुळवत वाचायला काढली, आणि ती सगळ्या गल्लीला ऐकू गेली. आधी दोन पोरं आली, मग घोळकाच आला. समोरच्या ओट्यावर मंगलाबाई साड्यांचे धागे कापत बसते, तिची कात्री थांबली. जोडाक्षरापाशी चिंधाभाऊ अडला की पोरं कोरसात ओरडून सांगत, पण त्याला कुठलं ऐकू येतंय! मग धनश्री त्याची हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवायची आणि तो शब्द ओठांनी घडवून दाखवायची. ही युक्ती तिची तिलाच सुचली. कोणी शिकवली नव्हती.

शेळी न्हाव्याच्या खुर्चीत बसते तिथे पोरं दरवेळी खदखदत. चिंधाभाऊला हसू दिसायचं. नोकरी गेल्यापासून आपल्या बोलण्यावर कोणी हसताना त्याने पाहिलं नव्हतं, निदान असं हसणं नाही.

बघता बघता नात वाचायला लागली. आता ती वाचायची आणि आजोबा समोर बसून बघायचा. पुस्तक तोंडाशी आलं की तो म्हणायचा, "पुस्तक जरा खाले धर, माय. तुनं तोंड दखू दे." ती लगेच खाली धरायची आणि ओठ मोठे करून प्रत्येक शब्द त्याच्या पदरात घालायची. एखाद्या ओळीवर त्याने मान हलवली नाही तर ती पुन्हा वाचायची. शाळेत प्रमिलाबाई म्हणाल्या, या पोरीइतके साफ शब्द वर्गात कोणाचे नाहीत.

आणि खात्यातली बोली? तीही तिने उचलली, न शिकवता. जेवताना सगळ्यांदेखत ती आवाज न करता आजोबाला सांगायची, "आबा, भाजीमा मीठ नही." आजोबा तसाच उत्तर द्यायचा, "गप खाय. तुनी माय देखी राह्यनी." आणि दोघं ताटात तोंड घालून हसायची. भूपेंद्र विचारायचा, काय झालं? काही नाही. म्हातारपणी माणसाला आणखी काय हवं असतं, सांगा बरं! ज्याच्याशी अख्ख्या घरात कोणी बोलत नाही, त्याच्याशी एक पोर गुपितं बोलत होती.

गल्लीतही वारं लागलं. मंगलाबाईला अक्षरओळख नाही, पण ती नातवाला पुढ्यात बसवून म्हणायला लागली, तू वाच, मी ऐकते. आणखी दोन-तीन घरांत संध्याकाळी टीव्ही बंद व्हायला लागले. प्रमिलाबाई एकदा मुद्दाम येऊन पाहून गेल्या. चिंधाभाऊ त्या दिवशी धुतलेला सदरा घालून बसला होता.

मग होळीनंतर एक दिवस घरातले सगळे इस्त्रीचे कपडे घालून बाहेर निघाले. धनश्रीला दोन वेण्या घातल्या होत्या. चिंधाभाऊने विचारलं, कुठे? भूपेंद्रने हाताने सांगितलं, काम आहे. आले ते पडलेली तोंडं घेऊनच. वर्षाने पदर नेहमीपेक्षा पुढे ओढला होता. भूपेंद्र दारातच पोरीवर काहीतरी ओरडला. त्याची पाठ होती, म्हणून काय ओरडला ते चिंधाभाऊला कळलं नाही.

त्या संध्याकाळी धनश्री पुस्तक घेऊन आली, बसली आणि तिने पुस्तक तोंडासमोर उभं धरलं.

"पुस्तक जरा खाले धर, माय."

तिने पुस्तकामागून मान हलवली. नाही.

चिंधाभाऊला वाटलं, मोठी झाली. आता मनाशी वाचायला आवडत असेल. त्याने हट्ट धरला नाही. तो समोर बसून पुठ्ठ्यावरचं शेळीचं चित्र बघत राहिला. पानं उलटत होती, पुस्तकावरून तिच्या भुवया हलताना दिसत होत्या, म्हणजे वाचन चालू होतं. मधूनमधून तो म्हणे, "वा!" कुठे म्हणायचं ते कळत नव्हतं, म्हणून अंदाजाने म्हणे. दुसऱ्या दिवशी तसंच. त्यानंतरही तसंच. एक-दोनदा मालकाचा तो रुमाल त्याच्या डोळ्यांपुढे आला, आणि लहान पोरीबद्दल असं मनात आणतो म्हणून त्याने स्वतःलाच शिवी दिली. रोज संध्याकाळी हात-पाय धुऊन, टोपी घालून, तो त्या पुठ्ठ्यासमोर बसत राहिला.

आंब्यांचे दिवस आले. एका दुपारी मंगलाबाई समोरून उठून गोष्टीचं विचारायला आली. ती त्याच्याशी बोलताना नीट समोर उभी राहते, खाणाखुणा करत नाही.

"चिंधाभाऊ, आते गोट काबर बंद शे? माले करमस नही. धागा कापता कापता झोप लागस."

"बंद?" तो म्हणाला. "पोर रोज वाचस ना!"

"वाचस, पन गोट नही. इंग्रजी घोकस ती. मंडे ना ट्यूजडे. रोज तेच."

चिंधाभाऊ तिच्यावर खेकसला. इतक्या जोरात की कोपऱ्यावरचा रिक्षावाला वळून बघायला लागला. धागे काप आणि गप बस, दुसऱ्याच्या पोरीवर आळ घेऊ नकोस, असं बरंच काही बोलला. मंगलाबाई बिचारी गेली. खोटं बोलायचं तिला कारण नव्हतं, हे त्याला तेव्हाही कळत होतं, आणि राग आला होता तो त्याचाच.

संध्याकाळी धनश्री येऊन बसली. पुस्तक वर गेलं. चिंधाभाऊने थोडा वेळ जाऊ दिला आणि मग एका बोटाने पुस्तक खाली केलं.

तिचे ओठ चालू होते. ओठ मोठे, शब्द नीट घडवलेले, त्यानेच घडवलेलं तोंड ते. आणि त्यातला एकही शब्द त्याला ओळखता येईना. खात्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ज्याला सगळं कळायचं, तो हातभर अंतरावर बसलेल्या स्वतःच्या नातीसमोर ठार बहिरा होऊन बसला.

धनश्री थांबली. तिने आधी घरात पाहिलं. मग आवाज न करता, ओठांनीच ती म्हणाली, "पप्पानी सांगं. पुस्तक वर धराचं. तुमले काही दखाले नही पाहिजे."

"काबर?" चिंधाभाऊनेही आवाज बाहेर येऊ दिला नाही. खात्यात अंगवळणी पडलेलं होतं, ते आत्ता कामी आलं.

"इंग्लिश स्कूलमा गऊत ना आमी, तठेनी मेडम हसनी. मी असं तोंड करस ना, मोठं, म्हनून. तिनी पप्पाले इचारं, घरमा कोनी बहिरं शे का?"

"मंग?"

"पप्पानी सांगं, नही. कोनीच नही."

पोरगी एवढं बोलून त्याच्याकडे बघत राहिली. तिला वाटलं असावं, आबा आता हसतील, मिठाच्या गोष्टीला हसायचे तसे. चिंधाभाऊ उठला आणि आत जाऊन पाणी प्यायला.

भूपेंद्र आला, त्याने चपला काढल्या, आणि बापाने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "भूपेंद्र, मी या घरमा शे का नही?"

भूपेंद्रने आधी दार लोटलं. मग तो बापाच्या समोर उभा राहिला आणि आवाज न करता, फक्त ओठांनी बोलायला लागला. लहानपणी तो शाळा सुटल्यावर डबा घेऊन खात्यात यायचा, बापाच्या मागाशी उभा राहून कारागिरांच्या गप्पा टिपायचा. ती बोली तो विसरला असेल, असं चिंधाभाऊने धरून ठेवलं होतं. विसरला नव्हता. एकेक शब्द चोख पडत होता.

"नाना, हळू. लोक ऐकतात. शाळेत पोरीला वेडी समजले ते. मधेच आवाज बंद करून बोलायला लागली ती, नुसते ओठ हलवत. मेडमने विचारलं, हिला डॉक्टरला दाखवलं का? मी काय सांगणार होतो? सवय मोडा म्हणाली, म्हणजे प्रवेशाचं परत बघू. तुम्हाला सांगायचं होतं मला. पण तुम्हाला सांगायचं म्हणजे गल्लीला सांगायचं."

हे सगळं खरं असेलही. पोरीचं भलं व्हावं म्हणूनच तो धडपडत होता, हेही खरं. चिंधाभाऊला त्याचं काही नव्हतं. पोर इंग्रजी शिकली तर त्याला काय दुखणार होतं? तो स्वतः तिला त्या शाळेच्या दारापर्यंत सोडून आला असता.

"आते कशा बोली राह्यना तू?" त्यानेही ओठांनीच विचारलं. "गल्लीले ऐकू गयं का? हाई बोली तुले कोनी शिकाडी? मीच ना? मंग तवयच असं समोर उभं राहीसन काबर नही सांगं? मी उठी जातू ना ओटावरथून."

बापाने भूपेंद्रच्या ओठांवरची नजर काढली नाही.

"ती हसनी, ती परकी बाई. तू काबर पोरले माले फसाडाले शिकाडं?"

तेव्हा भूपेंद्रने कपाळ पुसलं, मग नाक, आणि हात तसाच तोंडावर ठेवून तो वर्षाकडे बघत काहीतरी बोलला.

झालं. मालकाने निदान परक्याला फसवलं होतं. चिंधाभाऊ जेवायला बसला, जेवला, त्याने ताट उचलून मोरीत ठेवलं. वर्षा पदर मागे सारून पहिल्यांदाच त्याच्याकडे तोंड करून उभी होती. तिचे ओठ हलत होते, आणि ते बघायला त्याने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो नेहमीच्या वेळी ओट्यावर आला, टोपी घालून. पण गल्लीकडे पाठ केली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. शेळीचं पुस्तक त्याने डोळ्यांसमोर उभं धरलं आणि मनातल्या मनात वाचायला लागला. मनातल्या मनात, असं त्याला वाटत होतं. आवाज कोपऱ्यावरच्या रिक्षांपर्यंत जात होता. आधी दोन पोरं आली, मग घोळका. मंगलाबाईने कालचा राग गिळून कात्री खाली ठेवली. भूपेंद्र त्या दिवशी लवकर घरी आलेला होता, तो आतल्या खोलीत बसून होता आणि त्यालाही शब्दन् शब्द ऐकू येत होता.

शेळी न्हाव्याच्या खुर्चीत बसली, पण या वेळी पोरं हसली नाहीत. एका जोडाक्षरापाशी चिंधाभाऊ अडला. कोणी ओरडलं नाही. सगळे धनश्रीकडे बघायला लागले, कारण हा शब्द सांगायचं काम तिचं होतं.

धनश्री आजोबाच्या मागे येऊन उभी राहिली. तिने त्याची हनुवटी धरली आणि आपल्याकडे वळवायला बघितली. हनुवटी वळेना. तिने जोर केला. "आबा," ती म्हणाली, मग मोठ्याने म्हणाली, मग रडत ओरडली, "आबा, पुस्तक खाले धरा ना! मनाकडे देखा ना!" सगळ्या गल्लीने ते ऐकलं, आत बसलेल्या तिच्या बापानेही ऐकलं.

चिंधाभाऊला तिचा आवाज ऐकू येण्यासारखा नव्हता, आणि तिचं तोंड बघायचं नाही असं त्याने ठरवलं होतं. तो अडलेला शब्द त्याने तसाच सोडला आणि पुढची ओळ वाचायला घेतली.